आत्या रडाले आली तेव्हा

राग अजून गेला नाई. आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी सगळं गोड झालं असं भेटेल म्हणून कोणी वाचाले बसू नका. टायपिंगच्या परीक्षेची तयारी चालू आहे, त्यामुळे हात थांबत नाई. आणि शाळा माझी सगळी हिंदीत झाली, मराठी फक्त घरातली, तं जशी बोलते तशीच लिहून राह्यली.

बाबा भरवेलीच्या खदानीत पंपावर होते. बालाघाटच्या आमच्या वॉर्डातून मोटारसायकलनं जात, पहिल्या पाळीले. त्या दिवशी सकाळी समोरच्या खोलीत स्टुलावर बसून बूट घालून राह्यले होते. डाव्या बुटाची लेस बांधली. उजव्या बुटाची हातात धरली आणि तसेच मागं भिंतीले टेकले. आई डबा घेऊन आली. म्हणे, "अवो, उठा ना, उशीर होऊन राह्यला." बस, एवढंच.

आई रडली नाई. मातीच्या दिवशी, म्हणजे बाबाईले (बाबाले आम्ही मानानं असंच म्हणतो) नेलं त्या दिवशी, सगळा वॉर्ड रडून राह्यला होता, आणि आई कपाटाची चाबी शोधत होती. बाबाईचा पांढरा शर्ट काढून दिला. गोंदियाकडून आलेल्या पाहुण्याईले चहा भेटला का, ते विचारलं. बांगड्या तिच्या कोणी फोडल्या नाई, कारण बाबाईनं कधीचंच सांगून ठेवलं होतं, आपल्या घरात कोण्याच बाईच्या बांगड्या फुटणार नाई. तं हिरव्या बांगड्या तशाच हातात, आणि डोळे कोरडे ठण्ण. बाजूची काकू तिचे खांदे हलवून म्हणे, "रड वो बाई, रड." आई म्हणे, "हौ." आणि दरवाज्याकडे पाहत राहे.

पाचव्या दिवशी पुण्यानुमोदन झालं. विहारातल्या एका म्हाताऱ्या काकांनी समजावून सांगितलं की सगळं अनित्य आहे, अश्रू ढाळू नये. दादा पांढऱ्या कुर्त्यात मान हलवत बसला होता. मले वाटलं उठून ओरडावं, काका, ती रडलीच नाई, तुम्ही थांबवून कोणाले राह्यले? सहाव्या दिवशी दादा हैदराबादले नोकरीवर निघून गेला. सुट्टी नाई म्हणे.

मंग घरात आम्ही दोघी. आई सकाळपासून त्या बुटासमोर बसे. एकाची लेस बांधलेली, एकाची सुटी. हात लावू देत नव्हती. बीपीची गोळी दिली तं हातात धरून बसे, गोळी घामानं विरघळून जाये. दोन घास खाये. बोले फक्त कामापुरतं. काकू मले ओट्यावर घेऊन म्हणे, "पोरी, बाई रडली नाई तं छातीत गाठ बसते. माह्या मामीले बसलती. दोन महिन्यात गेली." मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाले आहे. असल्या गोष्टीवर विश्वास ठेवाचा नसते, मले मालूम आहे. पण मी ठेवला. रोज सकाळी, आई झोपेत असताना, श्वास चालू आहे का म्हणून मी तिच्या नाकाजवळ हात नेऊन पाहत होती, तं विश्वास ठेवला नाई असं कसं म्हणू?

आईले रडवू शकन असं एकच माणूस होतं. आत्या. बाबाईची मोठी बहीण. गोंदियाच्या पलीकडे खेड्यात राहते, आणि कोणाच्याही मातीत आत्या रडली की गवंड्याले यावं लागते, भिंत तडकते, असे लोक तिले चिडवत. ती नुसती रडत नाई. गेलेल्या माणसाचं पुरं आयुष्य सांगत सांगत रडते, लहानपणीच्या बोरापासून. आणि नेमकं बाबाई गेले त्याच्या चार दिवस आधी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं सांगितलं, दीड महिना डोळ्याले पाणी नाई लागलं पाहिजे, न आतून न बाहेरून. रडायची मनाई! सख्खा भाऊ गेला आणि बाईले रडायची मनाई. फोनवर आवाज असा दाबून बोले, "पोरी, डोया जाईन म्हणते डॉक्टर. मी कशी थांबून आहे मलेच मालूम. तुह्या मायले सांग, मी येऊन राह्यली. तोवर रडणं जपून ठेव म्हणा."

मी दिवस मोजून राह्यली होती. आणि तेवढ्यात खोका आला.

दादानं पाठवला. त्याच्या दोस्ताची नवीन कंपनी, अजून बाजारात नाई, घरी ठेवून पाहाले दिला. रोबोट. गुडघ्याच्या थोडा वर, पांढरा, खाली चाकं, वर टॅबलेटएवढं तोंड आणि त्यात दोन निळे गोल डोळे, उघडझाप करणारे. दादा व्हिडिओवर इतका खुश, जसा काही भाऊ पैदा झाला आम्हाले.

"आईची पुरी देखभाल करते हा. गोळ्या, बीपी, पडली-झडली तं मले लगेच कळते."

"मी आहे ना घरी."

"तू कॉलेजले जातं. तुझी परीक्षा आहे."

"मंग तू ये."

"समज ना यार, नवीन प्रोजेक्ट आहे."

मी समजली नाई. पण रोबोट चालू मीच केला, मोबाईलवर. प्रश्नांवर प्रश्न, हे कळवायचं का, ते कळवायचं का. मी भराभर हौ, हौ, हौ करत गेली. कोण वाचते? तुम्ही वाचता का?

त्याच्या चार्जरले चांगला प्लग एकाच कोपऱ्यात होता. बुटाच्या. दादा व्हिडिओवरून म्हणे, "तो स्टूल आणि ते बूट हटव तिथून." मी म्हटलं नाई. तं म्हणे, "ते बूट पाहत बसते म्हणूनच तं आईची अशी हालत आहे." फोन स्पीकरवर होता! आई ऐकून राह्यली होती!  उठली, दोन्ही बूट पोटाशी धरले, दरवाज्याजवळ नेऊन ठेवले, जसे होते तसे, एक बांधलेला, एक सुटा. स्टूल अंगणात ठेवला. दादा म्हणे, "गुड." त्या एका शब्दावर मी फोन भिंतीवर मारला असता, पण फोन माझा होता.

रोबोट पहिले हिंदीत बोलला, मंग मी मराठी लावली. आवाज बाप्या माणसाचा. "नमस्कार आई. आपण आज कशा आहात?" आईनं मागं वळून पाहिलं, दुसरं कोण आलं म्हणून. आमच्याशी असं आजपर्यंत कोणी बोललं नव्हतं, हे तं शाळेच्या गॅदरिंगमधलं बोलणं. मंग आई आत गेली आणि ग्लासभर पाणी आणून त्याच्यासमोर खाली ठेवलं.

आमच्या घरी बाहेरून कोणीही आलं की पहिले पाणी. वीजबिलवाला असो, मत मागणारा असो. बाबाईची सवय, मंग आईची. एवढ्या दिवसांत आईनं स्वतःहून केलेलं ते पहिलं काम, आणि ते एका प्लास्टिकच्या डब्ब्यासाठी.

डब्ब्यानं ग्लास पाहिला आणि म्हणे, "आपण पाणी प्यायलात, खूप छान!"

रोज हेच. आई पाणी ठेवे, तो शाबासकी दे, आणि दादाले हैदराबादले मेसेज जाये की आईनं पाणी प्यायलं. दादा मले लिहे, पाहिलं? फरक पडून राह्यला. मी काही सांगितलं नाई. रागानं नाई सांगितलं. पी म्हटलं तू बी, बस तिथं बसून तुझ्या मेसेजचं पाणी.

काकू पाहाले आली. त्याच्याभोवती फेरी मारून म्हणे, "हे काय वो? कूलर आहे का?"

"देखभाल करणारा आहे, काकू."

"मंग भांडे घास म्हणा याले."

"त्याले हात नाई."

"हात नाई तं देखभाल कायची करते?"

दादाच्या कंपनीवाल्या दोस्ताले हे कोणी विचारलं नसन.

मंग आत्याच्या डॉक्टरनं सुट्टी दिली. बाबाईले जाऊन चाळीस दिवस होऊन गेले होते. दुपार होती. मी सकाळपासून तीनदा अंगण झाडलं होतं. आमच्या इकडे जे माणूस मातीले येऊ शकलं नाई, ते नंतर भेटीले आलं की गल्लीच्या वळणापासून रडत येते, आणि घरातल्या बाईनं उठून त्याच्या गळ्यात पडाचं असते. मंग दोघी रडतात, पोटभर. कोणी थांबवत नाई. थांबवाचं नसतेच. दम संपला की आपोआप थांबते, मंग तोंडावर पाणी मारतात, मंग चहा.

ऑटो वळणावर थांबला आणि आवाज आला. "अरे माह्या पाठच्या भाऊऽऽ रे... मातीले नाई भेटली रे तुह्या..."

आईनं मान वर केली.

आत्या दरवाज्यात. डोळ्यावर काळा चष्मा, एका हातात पिशवी, दुसरा हात समोर चाचपडत. "मले बोरं पाडून दे रे तू... काटे स्वतःले लावून घे रे भाऊऽऽ..." तिचा पाय त्या बुटाले लागला. खाली वाकून तिनं हात फिरवला, बूट ओळखले, आणि मंग जो आवाज काढला, तो मी सांगू शकत नाई.

आई उठली. दोघी एकमेकीच्या गळ्यात पडल्या. आईचं तोंड उघडलं आणि आतून काहीतरी आलं, कोरडं, खर्र खर्र, जसा उन्हाळ्यात हापशीतून पाणी याच्या आधी आवाज येते. एकदा. दोनदा. मी स्वयंपाकघराच्या दरवाज्यात चौकट धरून उभी. येऊन राह्यलं, येऊन राह्यलं, मी मनात म्हणून राह्यली होती, आई, काढ, काढ बाहेर.

टिंग.

रोबोट चार्जरवरून सुटला आणि चाकं फिरवत सरळ दोघींच्या मधात. निळे डोळे पिवळे झाले. "मला रडण्याचा आवाज ऐकू येत आहे. आपण सुरक्षित आहात का? चला, माझ्यासोबत दीर्घ श्वास घेऊया. एक... दोन..." आणि बासरी वाजवाले लागला. बासरी!

आत्या दचकली. "कोण आहे वो हा? बायाच्या रडण्यात हा बाप्या काहून घुसून राह्यला?"

तेवढ्यात ते पिवळे डोळे गेले आणि तिथं दादाचं तोंड आलं. कानात हेडफोन, मागं ऑफिस. "आई! काय झालं? आई, रडू नको. शांत हो. ए, तिले पाणी दे कोणी!"

आईनं आत्याच्या गळ्यातला हात काढला. पदरानं तोंड पुसलं, जिथं काहीच नव्हतं. म्हणे, "काही नाई झालं बाबू. तू जेवला का?"

संपलं. हापशी बसली. आई चहा मांडाले आत गेली.

मी काय केलं मले नीट आठवत नाई. त्याले उचललं, चांगला जड आहे तो, आणि न्हाणीत नेऊन टाकला, बाहेरून कडी लावली. आतून चालूच, "मला रस्ता सापडत नाहीये. कृपया मदत करा." आत्या पिशवीवर बसली होती, चष्म्याखालून पाणी वाहून राह्यलं होतं. मले म्हणे, "दीड महिना डोया सांभायला मी. या दिवसासाठी. तुमच्या घरी रडाले बी मोबाईलवर इजाजत लागते काय वो?"



संध्याकाळी तिनं फिरून एकदा करून पाहिलं, बाबाईच्या लग्नाची गोष्ट काढली. आई म्हणे, "राहू द्या बाई, तुमचा डोया आहे." आणि तांदूळ निवडत बसली.

मी ओट्यावर जाऊन दादाले फोन लावला. "तू काहून घुसला मधात?"

"मले अलर्ट आला. आई रडून राह्यली म्हणून."

"हौ, रडतच होती! चाळीस दिवसांनी! तिले रडूच तं द्याचं होतं!"

"मले काय मालूम? आई रडून राह्यली असं आलं तं मी काय मीटिंग करत बसू? आणि अलर्ट तूच लावला. पाहून घे."

मी मोबाईल उघडला. खरंच. रडण्याचा आवाज आल्यास नातेवाइकांना कळवायचे का? हौ. रडणाऱ्या व्यक्तीला शांत करायचे का? हौ. दोन्ही टिक माझ्या. तो खोका आला त्या दुपारी, भराभर.

त्या वेळी मले स्वतःचा जेवढा राग आला तेवढा अजून कोणाचाच आला नाई. ज्या एका गोष्टीची मी वाट पाहून राह्यली होती, ती थांबवाची ऑर्डर मीच देऊन ठेवली होती, नाव-पत्त्यासकट. पण दादाले सॉरी म्हटलं नाई. म्हटलं, "टिक माझी होती, पण तोंड तुझं होतं. आणि दुसरं ऐक. आई पाणी पीत नाई. ते पाणी त्या डब्ब्यासाठी ठेवते. पाहुणा आहे म्हणून. त्याले दिसते ग्लास, आणि तुले दिसते तब्येत."



"रोज?"

"रोज."

"मी येतो."

"कायले? त्या तोंडातून ये ना, सोपं पडते."

आणि फोन कापला.

तो आला. रविवारी दुपारी, दाढी वाढलेली, पाठीवर बॅग. आत्या अजून होतीच, म्हणे काम अर्धं टाकून मी जात नसते. मी रोबोटले न्हाणीतून काढून त्या दोन्ही टिक हटवल्या होत्या, तो कोपऱ्यात निळे डोळे करून उभा. दादा आई म्हणत आत आला. आईनं त्याले वरपासून खालीपर्यंत पाहिलं. आत गेली. ग्लासभर पाणी आणलं, आणि त्याच्या हातात नाई दिलं. समोर खाली ठेवलं. जसं त्या डब्ब्यासमोर ठेवे, तसंच, तेवढ्याच अंतरावर.

दादानं ग्लासकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाई. तो खाली बसला, ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्याला. आई उभी राहून पाहत होती.

"प्याला?"

"हौ आई."

"सहाव्या दिवशी गेला तू." आईचा आवाज असा वर चढला की आत्यानं मान वळवली. "बापाचे बूट हटव म्हणे! मले रडू नको म्हणे! तू कोण आहे रे मले नको म्हणणारा? कोण आहे तू?" आणि दोन्ही हातांनी त्याच्या पाठीवर, खांद्यावर, जिथं लागन तिथं मारत सुटली. बांगडी फुटली. हिरवा तुकडा उडून माझ्या पायाजवळ आला. आणि मारता मारताच ते आलं, चाळीस दिवसांचं आणि वरच्या आठांचं, सगळं, हापशी सुटली. आई ओरडून रडून राह्यली होती, मारून राह्यली होती, दादा डोकं खाली घालून हुंदके देऊन राह्यला होता, आणि आत्यानं चष्मा काढून ठेवला, पदर खोचला, आणि बोरापासून सुरुवात केली.

कोपऱ्यातून आवाज आला, "आई, आपल्या गोळीची वेळ झाली आहे." तीनदा म्हटलं त्यानं. कोणी पाहिलं बी नाई त्याच्याकडे.

नंतर तोंडावर पाणी, मंग चहा. मी बांगडीचे तुकडे उचलले, मनात बाबाईचं बोलणं येऊन राह्यलं होतं, या घरात बांगड्या फुटणार नाई. आत्यानं माझ्या हातातले तुकडे घेतले. "काहून तोंड पाडलं? ही त्याच्या नावानं नाई फुटली. ही या नालायकाच्या नावानं फुटली." आणि दादाले कोपर मारलं.

तं हे असं. दादा चौथ्या दिवशी गेला. फिरून प्रोजेक्ट. आत्या गेली, जाताना म्हणे डोया गेला तं डॉक्टरले माह्या भावाकडे पाठव. आई आता जेवते. बोलते. भांडते बी. कधी दुपारी एकटीच बुटापाशी बसून रडते, मी तिकडे जात नाई.

मी म्हटलं, आता तं हा डब्बा वापस पाठवू. आई म्हणे, "राहू दे, बीपीच्या गोयीची याद देते." मले इतका राग आला की मी दिवसभर बोलली नाई. मंग पाहिलं, आईनं त्याच्यासमोर पाणी ठेवणं बंद केलं होतं. विचारलं काहून. भाजी चिरता चिरता म्हणे, "तो काय पाहुणा आहे? रोजचाच तं आहे. घरच्याले कोण पाणी देते?"

परवा दादाचा मेसेज आला. आई पाणी पीत नाही असं येऊन राह्यलं रोज, ती ग्लास ठेवत नाई का आता त्याच्यासमोर?

मी लिहिलं, नाई ठेवत. तो घरचा झाला.

खाली लिहिलं, तू ये. तुले भेटते ग्लास.